पदरातला रोट

कानबाई देवीचा गहू मोजायचा तो मुठीनं, आणि मूठ घालायची ती घरातल्या थोरल्यानं. हिलाल आबांच्या घरात ही रीत त्यांच्या आजोबांपासून चालत आलेली. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू टोपलीत पडायचा, मग तो गडी घरात असो, सुरतेला असो नाहीतर पाळण्यात असो. त्या गव्हाचे रोट करायचे, आणि ते भाऊबंदांनीच मिळून संपवायचे. सासरी गेलेल्या लेकीलासुद्धा तुकडा द्यायचा नाही, उंबऱ्याबाहेर न्यायचा नाही. पौर्णिमेच्या आत टोपली रिकामी झाली की आबांना मोठं काम उरकल्यासारखं वाटायचं.

यंदा धाकट्या नवलच्या नावाची मूठ घालताना आबांचा हात आखडला. शेजारी बसलेल्या भागाबाईच्या नजरेतून ते सुटलं नाही. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा नवल नाक पुसायला तिचाच पदर धरायचा. ती हळूच म्हणाली, "मूठ भरीसन टाका." आबा म्हणाले, मला शिकवू नको. पण उरलेला गहू त्यांनी टाकला. बायकोशी भांडण परवडेल, कानबाईशी कोण भांडणार?

दोघा भावांच्या चुली कधीच वेगळ्या झाल्या होत्या. वावराच्या मधोमध बांध पडला होता. पण दोन गोष्टी तोडायच्या नाहीत असं बाप मरताना सांगून गेला होता. एक कानबाई, ती थोरल्याच्या घरी एकच बसणार. दुसरी बैलजोडी. मोऱ्या आबांच्या दावणीला आणि पाखऱ्या नवलच्या. कोळपणी आली की दोन्ही बैल एका जुवाला लागायचे, आधी एकाचं वावर, मग दुसऱ्याचं. बोरीकाठच्या त्या गावात भाऊभाऊ कोर्टात उभे राहिलेले होते, डोकी फुटलेली होती. आबा पारावर बसून मोठ्या तोऱ्यात सांगायचे की आमच्याकडे असलं काही नाही.

पण वर्षभरापासून नवलचं काहीतरी बिनसलं होतं. म्हणजे आबांच्या मते बिनसलं होतं ते एकच, त्याला माज आला होता. हिवाळ्यात वावरात भरीत भाजलं, कळण्याच्या भाकरी आल्या, अख्खी भाऊबंदकी तिथं जमली, आणि हा म्हणतो पोट बरं नाही. चहा तेवढा घेतला. बोलायचा तर दातातल्या दातात, जणू शब्दाला पैसे पडतात. तोंडावर सदा उपरणं. त्याची पोरगी भाविका धुळ्याला नर्सिंगला लागली तेव्हापासूनच हे सुरू झालं, असा आबांचा हिशेब होता. एकदा तर नवल वाकला आणि त्याच्या खिशातून आइस्क्रीमच्या काड्या खाली पडल्या, चांगल्या मूठभर. वहिनीच्या हातची भाकरी घशाखाली उतरत नाही आणि अमळनेरला जाऊन आइस्क्रीम खातोय! आबांनी ती गोष्ट मनात पक्की बांधून ठेवली.

श्रावण लागला तरी झड सरत नव्हती. कपाशी पिवळी पडली, गवत मात्र गुडघ्याला आलं. नागपंचमीनंतर उघाड पडली आणि गावात एकच घाई उडाली. जमिनीला वाफसा आला की कोळपं घालायचं, नाहीतर पुन्हा पाऊस आला तर वर्ष गवताच्या घशात. ठरलं असं की रविवारी कानबाई बसेल, सोमवारी सकाळी नदीवर विसर्जन, आणि तिथून सुटलं की बैलांना जुवाला लावायचं. पहिली पाळी यंदा नवलची होती.

रविवारी कानबाई मांडली. नारळाला नथ चढली, हिरवं लुगडं नेसवलं. पुरुषांची पंगत बसली. पानात रोट, गंगाफळाची भाजी, खीर. आबा पंगतीच्या टोकाला बसून सगळ्यांच्या पानांवर नजर ठेवून होते. नवलनं रोट उचलला, कपाळाला लावला, तुकडा मोडला आणि बोटांत नुसता चुरत बसला. खिरीचा घोट घेतला. पुन्हा तुकडा चुरला. पंगत अर्ध्यावर आली तरी त्याच्या पानातला रोट होता तेवढाच. पानाखाली मात्र चुरा सांडलेला.

आबांचं डोकं तडकलं. देवीचा रोट मातीत!

"बठ्ठा खाई राह्यनात," ते म्हणाले, "तुलेच काय इख लागस का?"

नवल दातांआडून काहीतरी पुटपुटला. कुणालाच कळलं नाही. आबा म्हणाले, तोंड उघडून बोल, इथं कुणी तुझं गडीमाणूस बसलेलं नाही. नवलनं एकदा भावाकडे पाहिलं, पानाला नमस्कार केला आणि उठून हात धुवायला गेला. सगळ्या पंगतीचे हात थांबले होते.

तिथंच संपलं असतं तर बरं झालं असतं. पण राग एकदा चढला की आबांना खाली उतरता येत नसे. ते दारात येऊन बसले. घरातून भाऊबंद जेवून बाहेर पडत होते. बायका आत आवराआवर करत होत्या. थोड्या वेळानं नवलची बायको सुलक्षणा स्वयंपाकघरातून निघाली. डोक्यावर पदर, मान खाली, आणि पदराचं दुसरं टोक पोटाशी गच्च धरलेलं. त्यात काहीतरी होतं.

जेठानं, म्हणजे थोरल्या दिरानं, भावजयीशी समोरासमोर बोलायचं नाही, ही पण त्या घरची रीतच. लग्न झाल्यापासून आबा तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. सांगायचं असलं तर भिंतीला सांगायचे. त्या दिवशी मात्र ते उठून तिच्या वाटेत उभे राहिले.

"पदरमा काय शे?"

ती जागीच थबकली. मागं वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. दारात भागाबाई उभी होती. ती काहीच बोलली नाही.

"सोड पदर."

ओट्यावर माणसं होती, सुरतेहून आलेला चुलतभाऊ अभिमन होता, त्याची सून होती. सुलक्षणानं पदर सोडला. दोन रोट खाली पडले, त्यातला एक घरंगळत आबांच्या पायाशी आला. आबा म्हणाले, देवीचं चोरून कुठं पोचवत होतीस, माहेरी? तिनं खाली वाकून दोन्ही रोट उचलले, फुंकले, कपाळाला लावले आणि आत जाऊन टोपलीत ठेवले. मग सगळ्यांच्या देखत उंबरा ओलांडून गेली. जाताना डोक्यावर पदर घ्यायचंही तिला भान राहिलं नव्हतं. तिच्या डोक्यावर बरेच केस पिकले होते. आबांनी ते आयुष्यात पहिल्यांदा पाहिले.

सोमवारी कानबाई नदीला निघाली. डफ वाजला, बायका फुगड्या खेळल्या. नवलच्या घरचं कुणी आलं नाही. परतताना अभिमननं निरोप दिला, चाचरत चाचरत. नवल म्हणाला होता की पुढच्या साली तो आपल्या घरी आपला नारळ मांडणार. आबा चालता चालता थांबले. कानबाई फुटली म्हणजे घरच फुटलं. बापाला काय तोंड दाखवणार? पण चार माणसं ऐकत होती, म्हणून ते म्हणाले, मांडू दे. आणि त्याच तिरमिरीत घरी येऊन मोऱ्याचं दावं त्यांनी दुहेरी गाठ मारून बांधलं.

मग सुरू झाली फजिती. एका बैलानं कोळपं चालत नाही. आबांनी गावभर विचारलं, पण उघाडीत कुणाची जोडी मोकळी असणार? कुणी सांगितलं पाळी झाली की बघू, कुणी नुसतंच हसलं. आबा विळा घेऊन निंदायला बसले. कपाशीच्या दोन ओळींमध्ये उकिडवं बसून सरकत जायचं, गवत मुळासकट काढायचं, माती झटकायची, पुन्हा सरकायचं. ऊन मान भाजून काढत होतं. गुडघे भरून आले, बोटांच्या पेरांत हिरवे चिरे पडले. भागाबाई शेजारच्या ओळीत होती. ती विचारलं तेवढंच बोलायची, संध्याकाळी देवळात जाते म्हणून निघून जायची.

बांधापलीकडे त्याहून वाईट होतं. नवलनं कुणाचंतरी सायकलचं कोळपं आणलं होतं, एका चाकाचं, हातानं ढकलायचं. जमीन वरून सुकून आत चिकट झालेली. नवल मागून ढकलत होता आणि सुलक्षणा पुढून दोर खांद्याला घेऊन ओढत होती. आबा गवत उपटता उपटता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते. नवल किती वाळला होता. सदरा खुंटीला टांगावा तसा अंगावर लटकत होता. थोडं गेलं की तो थांबायचा, वाकून गुडघ्यांवर हात टेकायचा. आबांच्या मनात कळवळा येई, पण ते तो लगेच परतवून लावत. एवढा अट्टाहास! भावाच्या दारात येऊन बैल माग म्हणावं, मी काय नाही म्हणणार आहे? खरं म्हणजे तेच रोज सकाळपासून वाट बघत होते की तो येईल.

तो आला नाही, पण मोऱ्या गेला. चारा तोंडाला लावत नव्हता, सारखा हंबरत होता. एका संध्याकाळी दुहेरी गाठीसकट खुंटा उपटून तो निघून गेला. कुठं गेला असेल हे सांगायला ज्योतिषी नको होता. आबा काठी घेऊन नवलच्या घरामागच्या गोठ्यात आले. मोऱ्या पाखऱ्याच्या शेजारी उभा होता आणि दोघं एकाच गव्हाणीत तोंड घालून खात होते.

आबा दावं सोडवायला वाकले तेवढ्यात मिक्सरचा आवाज आला. मागचं दार उघडं होतं, आत दिवा लागला होता. आत नवल भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या तोंडात आइस्क्रीमच्या काड्यांची जुडी होती, एकीवर एक रचून दातांच्या मध्ये दाबून बसवलेली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाकी तो शांत बसला होता, रोजचं काम असल्यासारखा. थोड्या वेळानं त्यानं एकेक काडी बाहेर काढली. तरी त्याचं तोंड उघडलं ते इतकंच, की आत करंगळी जाईल न जाईल. सुलक्षणानं मिक्सरमधलं दूध-काल्यासारखं काहीतरी पेल्यात ओतलं. नवलनं मान मागं टाकून ते दातांच्या फटीतून आत सोडलं. अर्धं हनुवटीवरून ओघळलं. ते त्यानं उपरण्यानं पुसलं.

आणि त्यांच्या मध्ये, पाटावर, भागाबाई बसली होती. देवळात गेलेली भागाबाई. तिच्या मांडीवर कानबाईच्या टोपलीतलं फडकं होतं, आणि त्यातला वाळका रोट ती बोटांनी बारीक मोडून मिक्सरच्या भांड्यात टाकत होती.

आबा बैल न घेताच परत फिरले. वाटेत कुणीतरी रामराम घातला, तो त्यांनी घेतला की नाही हे त्यांनाही आठवलं नाही. घरी येऊन ते अंधारातच ओट्यावर बसले. भागाबाई आली, त्यांना बघून दचकली, आणि मग तिला कळलंच. ती खाली बसली. आबांनी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, गेल्या पोळ्यापासून. गुटख्याची पुडी खाऊन खाऊन गाल आतून लाकूड झालेत. ललितनंच त्याला धुळ्याला डॉक्टरकडे नेलं. काड्या घालायला त्यांनीच सांगितलंय, नाहीतर तोंड उघडतंय तेवढंही मिटेल.

ललित म्हणजे आबांचा स्वतःचा मुलगा. एका ताटात जेवणारा.

"माले काब्र सांगं नही?"

 भागाबाई म्हणाली, "जीवराम मरना तवय तुम्ही काय बोलनात, याद करा."

आबांना आठवलं. जीवराम गावातलाच, तोंडाच्या रोगानं गेला. त्याची तिरडी उचलायच्या आधी आबा पारावर सगळ्यांसमोर म्हणाले होते, पुडी खाऊन मेला तो स्वतःच्या हातानं मेला, असल्याला खांदासुद्धा देऊ नये. आणि दिला नव्हता. तेव्हा नवल त्यांच्या शेजारीच बसला होता. मान खाली घालून बसला होता, आणि आबांना वाटलं होतं की भाऊ आपलं ऐकतोय.

"तो रडना मन्हापान," भागाबाई म्हणाली. "म्हने, वहिनी, मरसू पन भाऊले सांगू नको."

आबांनी त्या दोन रोटांचं विचारलं. ती म्हणाली, मीच बांधून दिले होते, घरी दळून पाज म्हणून, देवीचा रोट त्याच्या पोटात जावा म्हणून. मग बोलली का नाहीस, असं आबा म्हणाले, पण त्यात जोर नव्हता. भागाबाईनं पदर तोंडाला लावला. तिच्याही तोंडातून शब्द निघाला नव्हता. आपल्या नवऱ्याच्या रागाला ती भ्याली, आणि त्या पोरीला तिनं भर दारात एकटं सोडलं, हे ती रडत रडत बोलली. आबांनी तिला गप्प केलं नाही. आजवर ते स्वतःला घराचा खांब समजत होते. घरातली सगळी माणसं त्यांच्याच भीतीनं एकमेकांच्या आडोशाला राहत होती. शरमेनं त्यांना स्वतःच्या ओट्यावर बसवेना.

सकाळी त्यांनी जू आणि कोळपं खांद्यावर घेतलं आणि नवलच्या वावरात जाऊन उभे राहिले. नवल दोन्ही बैल घेऊन आलाच होता, बहुधा मोऱ्याला परत पोचवायला; पाखऱ्याशिवाय तो हललाच नसता.  आबांनी जू ठेवलं, बैलांच्या तोंडाला मुसकी बांधली. कोळपं मातीत घुसलं आणि गवत उलथं होऊन पडायला लागलं. माफी कशी मागायची हे आबांना कुणी शिकवलंच नव्हतं. ओळीच्या टोकाला वळताना ते दरवेळी ठरवायचे की आता बोलू, आणि ओळ संपायची.

दुपारी बैल सोडले. नवल आपली बाटली घेऊन बांधावरच्या बाभळीपलीकडे गेला, पाठ करून बसला. आबा अलीकडे बसले. भाकरी सोडली. घास तोंडाशी नेला आणि थांबले. मग करंगळी आडवी दातांत धरली आणि त्या फटीतून भाकरीचा तुकडा आत सारायचा प्रयत्न केला. तो ओठांवरच मोडला. बारीक करून पुन्हा सारला. जीभ हलेना, चावता येईना, लाळ गळायला लागली. ठेचा हिरड्यांना झोंबला. एक घास गिळायला त्यांना एवढा वेळ लागला की डोळ्यांत पाणी आलं.

मान वर केली तर समोर सुलक्षणा उभी होती, डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन.

आबांना कळायला एक क्षण लागला की आपण तिला कसे दिसत असू. दातांत बोट, हनुवटीवर भाकरीचा चुरा, लाळ. तिच्या चेहऱ्याचा रंगच उतरला. तिनं कळशी खाली ठेवली, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ती जेठाशी बोलली.

"नक्कल करी राह्यनात का, आबा?"

आबांनी बोट काढलं. सांगावं तर काय सांगावं? जे दिसतंय ते तसं नाही, हे म्हणायचं तोंड त्यांनी ठेवलं होतं कुठं? दारात उभं असताना तीसुद्धा हेच म्हणू शकली असती.

"नही, माय," ते म्हणाले. "त्यान्हा घास कसा जास, ते देखी राह्यंतू."

तिनं त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. विश्वास बसला की नाही ते कळत नव्हतं, आणि बसावा असा आबांचा हक्कही नव्हता.

"त्या दिन तुम्ही इचारं असतं तर मी सांगतू," ती म्हणाली. "तुम्ही इचारं नही. पदर सोडाले लावं."

आबांनी हात जोडले.  तिनं ते हात पाहिले आणि मान दुसरीकडे वळवली. कळशी त्यांच्याकडे थोडी सरकवली.

"माले नका इचारू," ती म्हणाली. "त्यास्ले इचारा."

ती गेली. आबांनी हनुवटी पुसली. उठले, गुडघे कुरकुरले. बाभळीला वळसा घालून ते नवलच्या समोर जाऊन बसले. नवलनं घाईघाईनं उपरणं तोंडावर ओढलं.

"दुखस का रे, नवल?"

वर्षभरात हे चार शब्द कुणीही विचारू शकलं असतं. नवलचा हात उपरण्यावरच थांबला. मग त्यानं ते हळूहळू खाली घेतलं आणि बोलायला लागला. दातांआडून, ओठ न हलवता, कधी भरभर, कधी अडखळत. आबांना त्यातलं निम्मं कळत नव्हतं. एखादा शब्द कानी पडायचा, धुळे, रात, भाविका, आणि बाकीचं आतच विरायचं. आधीचे आबा असते तर अंदाजानं मान हलवून मोकळे झाले असते.

ते पुढं सरकले, कान त्याच्या तोंडाजवळ नेला.

"काय म्हनस?" त्यांनी विचारलं. "फिरी सांग."

नवलनं पुन्हा सांगितलं.